नाव घेतलेला पाव

आमच्यात जेवण झालं की ताटात पाणी ओततात, बोटांनी ताट सगळीकडून धुतात आणि ते पाणी पिऊन टाकतात. शहरातल्या माणसाला हे बघून कसंतरी होतं. होऊ द्या. गळ्यातल्या लिंगाला हात लावून शिवाचं नाव घेतलं की ताटातलं अन्न प्रसाद होतं. प्रसादाचा कण टाकायचा नाही, उष्टं बांधून न्यायचं नाही, बसल्या जागी संपवायचं. माझ्या बापानं हे केलं, मी करतो, आणि माझी बायको माझ्यापेक्षा इमानानं करायची. तिनं ताट धुतल्यावर घासायला काही उरायचंच नाही.

हे आधी सांगितलं, कारण ते माहीत नसेल तर एका पावाच्या दुकानात बसून मी एवढा का भ्यालो ते कुणाला कळायचं नाही. पावाला कोण भितं?

मी रेणापूरचा. आमची पिठाची गिरणी आहे. आता पोरगा बघतो, पण बसायला मीच असतो. शाळा चौथीपर्यंत. लिहिणं म्हणजे खडूनं लोकांच्या डब्यावर नावं टाकायची, तेवढंच. गिरणीच्या आवाजात जन्म गेला, त्यामुळं ओरडून बोलायची खोड आहे, आणि जे असेल ते तोंडावर बोलायची. पण ह्या गोष्टीत मी तोंड बंद ठेवलं. भीतीनं ठेवलं.

बायकोचं असं झालं. एक दिवस तिनं भाकरी वरणात कुस्करली. तिला कुस्करलेली भाकरी आवडत नव्हती. तव्यावरून निखाऱ्यावर टाकलेली, टम्म फुगलेली, मोडताना पापुद्रा वाजला पाहिजे अशी लागायची, वर शेंगदाण्याची चटणी आन कच्चं तेल. मी म्हणलं, "काय गं, म्हातारी झालीस की काय?"

"दात दुखून राहिलेत," ती म्हणली.

मग दूधभाकरी सुरू झाली. मग नुसतं दूध. आन एक दिवस सुनेनं तिचं ताट उचललं तर खाली भाकरीचा तुकडा. ओला, चावलेला. जिनं जन्मात कण टाकला नाही तिनं तोंडातला घास काढून ताटाखाली लपवला होता. सुनेनं तो तळहातावर घेऊन मला आणून दाखवला.  दोघांनाही कळलं होतं.

अन्ननळीचा कॅन्सर निघाला. नांदेडला लेकीच्या घरी राहून इलाज केला. लेकीनंच सगळं केलं, मी नुसता पायथ्याला बसायचो. शेवटी शेवटी सब्जा भिजवून चमच्यानं द्यायचो. ते बुळबुळीत बी तेवढं घसरून खाली जायचं. मग तेही जाईना.

आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. आणि बसवून पुरतात, मांडी घालून, जसं पूजेला बसतात तसं. तिला खड्ड्यात बसवलं, डाव्या तळहातावर तिचं लिंग ठेवलं. ती इतकी वाळली होती की मान काही केल्या थांबेना, पुढं पडायची. खालची माणसं सरळ करायची, परत पडायची. मी वर काठावर उभा राहून बघत होतो. अजून बघतो.

तिला जाऊन वर्ष व्हायचं होतं आन माझा घास अडकला.

गिरणीत बसून जेवत होतो. भाकरीचा तुकडा गिळला तो छातीच्या मधोमध उभा राहिला. खाली जाईना, वर येईना. पाणी प्यालो तर पाणीही त्याच्यावर उभं राहिलं. बोलता येईना. समोर एक बाई दळण घेऊन उभी होती, ती म्हणली, "आप्पा, पट्टा सुटलाय बघा." मी नुसता हात हलवला. जरा वेळानं घास आपोआप सरकला. मी उठून पट्टा चढवला आन तिचं दळण टाकलं.

पहिल्या वेळेला वाटलं, घाई केली. दुसऱ्या वेळेला असं काही वाटायला जागाच उरली नाही.

मनाला सांगायचो, नवराबायकोला एकच रोग कसा होईल, ही काय सर्दी आहे? मग वाटायचं, एका चुलीचं खाल्लं, एका आडाचं पाणी प्यालो, एकाच गिरणीचं पीठ दोघांच्या नाकातोंडात गेलं. का नाही होणार? दिवसभर मी असा स्वतःशीच वकिली करायचो आन दोन्हीकडून हरायचो.

सुनेला म्हणलं, मला डबा गिरणीतच देत जा, घरी येणं होत नाही. गिरणीत कोण बघतं? भाकरी वरणात बारीक कुस्करायची, पातळ करायची, घोटघोट प्यायची. मी तिचंच करून राहिलो होतो. ती ज्या वाटेनं गेली त्याच वाटेनं, एकेक पाऊल. दुखत काही नव्हतं. तिलाही आधी दुखत नव्हतं.

ज्या एका माणसाची मला भीती होती ती म्हणजे लेक. ती नांदेडजवळ विष्णुपुरीला राहते, तिथल्या कॉलेजात कामाला आहे. आईचं सगळं तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. सुनेला फसवता येतं, पोरगा तर माझ्याकडं बघतही नाही, पण लेकीसमोर मी एकदा जेवायला बसलो की संपलं. म्हणून जायचं टाळत होतो. गिरणीच्या दगडाला टाकी लावायची आहे, पाहुणे यायचेत, पाय दुखतोय. तिनं फोनवर सरळ सांगितलं, "आप्पा, आई गेल्यापासून तुम्ही माझ्या घरी पाय ठेवला न्हाई. माझ्यावर राग आहे का? माझ्याकडं गेली म्हणून?"

 म्हणलं, येतो.

सुनेनं डबा दिला, भाकरी आन चटणी. लातूरला येऊन नांदेडची गाडी धरली. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली, सगळे आपापलं खायला लागले. मी डबा उघडला, भाकरी बघितली आन बंद केला. नाव घेतलं नव्हतं, म्हणून देता आलं. खिडकीखाली एक म्हातारी बसली होती, तिला दिला. ती म्हणली, "तुमाला?" म्हणलं, "भूक न्हाई." भूक लई होती. सकाळपासून चहावर होतो.

लोहा गाव मागं गेलं, आणि नांदेड यायच्या आधीच विष्णुपुरीला उतरलो. लेक स्कूटर घेऊन उभी होती. माझ्याकडं बघितलं आन म्हणली, "किती वाळलात आप्पा!"

"ऊन आहे."

"उन्हानं माणूस करपतं, वाळत न्हाई. चला, आधी जेवू. मी कॉलेजातून सरळ आले, घरी काही केलं न्हाई. तुम्हाला एक गंमत खाऊ घालते."

मला वाटलं असंल खानावळ. वरण मिळेल, कुस्करता येईल, गर्दीत कोण बघतंय. बरं वाटलं जरा. तर तिनं गाडी थांबवली ती एका पत्र्याच्या दुकानापुढं. बाहेर विटांची भट्टी, आत मोजकीच बाकडी, आन भट्टीपुढं एक सरदारजी, दाढी पिठानं पांढरी झालेली. पिठाचा माणूस पिठाच्या माणसाला ओळखतो, तसं त्यानं मान हलवली. पण वास पिठाचा नव्हता, भाजलेल्या कडक पावाचा होता.

लेक सांगायला लागली. हा सरदारजी इथलाच, नांदेडचा. बरीच वर्षं इटलीत होता. आधी तिकडं गाईंच्या गोठ्यात, मग एका पावाच्या दुकानात. परत आला तो तिथला पाव करायला शिकून आला. मोजकेच प्रकार करतो, तिकडं जसे करतात तसेच. सगळं बिनमांसाचं, अंडंसुद्धा नाही. कॉलेजची पोरं आधी हसली, आता रांग लावतात.

"आईला इथला वास आवडायचा," लेक म्हणली. "दवाखान्यात नेताना रोज इथूनच जायचो ना. बरी झाले की खाऊ गं इथं, म्हणायची."

मग मी काय म्हणणार, मला वरणभात पाहिजे?

आत बसलो. आमच्या पुढं एक कॉलेजचा पोरगा उभा होता, केस उभे केलेला. तो सरदारजीला म्हणला, "अंकल, सॉस?"

"न्हाई."

"मेयोनीज तरी?"

"न्हाई. समोर वडापाव आहे, तिकडं दोन्ही मिळतं."

"अंकल, थोडंसं हो, तुमचं काय जातंय?"

सरदारजीनं हातातली सुरी खाली ठेवली. "बेटा, तुझ्या आईनं वरणाला फोडणी घातली आन मी त्यात सोडा ओतला, तर ती काय करेल?"

"माझी आई वरण करत नाही, अंकल. बाबा करतात."

"मग तुझे बाबा मला मारतील. जा, बसून खा गुमान."

सगळं दुकान हसलं. लेकही हसली. मी हसल्यासारखं केलं. माझं लक्ष त्या पोराच्या दातांवर होतं. त्यानं पावाला चावा घेतला तसा कर्र आवाज आला आणि पावाचं टरफल बाकड्यावर उडालं. असला पाव मी बघितलाच नव्हता. आपला बेकरीचा पाव दाबला की बसतो. हा लाकडासारखा. पोरगा तो ओढून, मान वाकडी करून तोडत होता.

"कडक लई दिसतो," मी म्हणलं.

सरदारजीनं ऐकलं. तो खूश झाला. "कडकच पाहिजे बाबाजी! वरून कडक, आतून जाळीदार. मऊ पाव तर कोणीपण करतं. तिकडं माझी मालकीण होती, म्हातारी, ती पाव कानाजवळ धरून दाबायची. वाजला न्हाई की माझ्या अंगावर फेकायची."

दोन पाव आले, लांबट, मधून चिरलेले. आत टमाट्याचे काप, घरी केलेलं पांढरं चीज, खरवसासारखं ओलं, वरून तेल. आन हिरवी पानं. मी पान बोटानं चुरगाळलं आणि तो वास नाकात गेला. सब्जा. सब्ज्याची पानं होती. तिकडं ह्याच पानांवाचून त्यांचं चालत नाही म्हणे. आमच्या घरी बी होतं, एका बरणीत, अजून आहे. बी भिजवताना असाच वास यायचा, हलका. मी चमचा धरायचो, ती डोळे मिटून तोंड उघडायची.

घाबरलं की माणसाचे हात आपोआप चालतात. माझा हात गळ्याकडं गेला, लिंगाच्या डबीला लागला, तोंडातून "शिवा, शिवा" निघालं, आन हात ताटाला लावून कपाळाला लावला.

मग ध्यानात आलं काय करून बसलो.

नाव घेतलं नसतं तर सांगता आलं असतं, पोट बरं नाही, तू खा. अहमदपूरच्या म्हातारीला दिलं तसं देता आलं असतं. आता नाही. आता तो पाव प्रसाद झाला होता. तो सगळा, टरफलासकट, मला इथंच बसून संपवायचा होता, ज्या लेकीपासून मी इतके दिवस पळत होतो तिच्या समोर.  जन्मभराची सवय, आन ती नको त्या जागी नको त्या वेळेला बरोबर चालली.

"खा ना आप्पा," लेक म्हणली. तिनं स्वतः मोठा चावा घेतला.

मी कडेचा बारीक तुकडा तोडला. चावला. किती चावला म्हणता, त्याचं पीठ झालं परत. चव? चांगली होती, खोटं कशाला बोलू. टमाटं आंबट, चीज थंड, आन पावाला भट्टीचा धूर. तिला आवडला असता. गिळला.

उभा राहिला. बरोबर तिथंच, छातीच्या मधोमध.

मी हालचाल केली नाही. टेबलाची कड धरून बसलो. पाणी घेतलं, तेही वर थांबलं. आता हे सगळं परत वर येणार, लेकीच्या समोर, सगळ्या पोरांच्या समोर. तोंडात खारट पाणी सुटलं. कानात गिरणी सुरू झाली. मला खड्डा दिसला, तिची पुढं पडणारी मान, आन मग ती मान तिची राहिली नाही, माझी झाली. मला कोण सरळ करणार? पोरगा खाली उतरेल का? त्याला मेलेल्याला हात लावायची भीती वाटते, आईलाही लावला नव्हता.

तेवढ्यात लेकीचा फोन वाजला. कॉलेजचा असेल. ती उठून बोलत बोलत दारात गेली, पाठ माझ्याकडं.

घास सरकला. सुईनं ओरखडा काढत जावा तसा गेला, पण गेला. मी श्वास घेतला आणि ताटाकडं बघितलं. पाव सगळाच्या सगळा होता.

वरण नव्हतं. दूध नव्हतं. पाण्याचा स्टीलचा पेला होता. लेकीच्या पाठीकडं बघत मी पाव मोडला, बोटांनी कुस्करला आन पेल्यात टाकला. टरफल कुस्करेना, ते नखांनी तोडलं. चीज, टमाटं, सगळं टाकलं. बोटानं दाबून दाबून भिजवायला लागलो. ती यायच्या आत पिऊन टाकायचं होतं. चोरासारखं चाललं होतं माझं. घाईत पेला ताटावर वाजत होता.

"ओ बाबाजी! बाबाजी, हे काय करून राहिले?"

सरदारजी. भट्टीपुढून तसाच पिठाचे हात घेऊन आला. "पाण्यात? माझा पाव पाण्यात? अहो, सकाळपासून मळून ठेवलाय तो! तिकडंपण भिजवतात, म्हातारी लोकं, पण शिळा भिजवतात हो, शिळा! ताजा पाव असा बुडवला तर ती म्हातारी माझ्या डोक्यात..."

तो चेष्टाच करत होता. पण आवाज मोठा. सगळी पोरं वळली. लेक वळली.

तिनं आधी पेला बघितला. मग माझी बोटं. मग माझ्याकडं बघितलं. कानाला फोन तसाच होता, आतून कोणीतरी बोलत होतं. तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, मी मेलेलाच आहे आणि ती मला बघायला आली आहे.

ती येऊन समोर बसली. "आप्पा, कधीपासून?"

"काय कधीपासून? दात दुखून राहिलेत."

तोंडातून निघालं आन मलाच ऐकू आलं. तेच शब्द. तिलाही आले.

"आईपण हेच म्हणली होती," ती हळू म्हणली. मग एकदम मोठ्यानं, माझीच लेक ती, "माझ्याशी खोटं बोलता? माझ्याशी? तिच्या वेळी मला कुणी सांगितलं न्हाई, आन आता तुम्ही! तोंड आहे ना तुम्हाला? साऱ्या रेणापूरला शिव्या देता, मग हे सांगायला काय झालं?"

"भ्यालो," मी म्हणलं.

असं मी कधी कुणाला म्हणलं नव्हतं. बायकोलाही नाही.

सरदारजी तिथंच उभा होता. त्याला काय झालं ते कळलं नाही, पण आपल्यामुळं काहीतरी झालं एवढं कळलं. तो हात जोडून म्हणला, "बेटा, मी मजाक केली. बाबाजी, भिजवून खा, कसंपण खा. दुसरा देऊ, मऊ भाग काढून?"

"नको," लेक म्हणली. "उठा आप्पा. दवाखान्यात जायचं."

"नाव घेतलंय," मी म्हणलं.

तिला लगेच कळलं. दुसऱ्या कुणाला समजावत बसावं लागलं असतं. ती पेल्याकडं बघत बसली, त्यातल्या पाण्यावर तेलाचे थेंब तरंगत होते, पानं काळी पडली होती. मग तिनं पेला ओढून घेतला, गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि बोटांनी तो लगदा खायला लागली. नाक वाहत होतं, ती खात होती. पोरं बघत होती, बघू देत. सगळं संपवलं. मग माझं ताट घेतलं, त्यावर पाणी ओतलं, कडेकडेनं बोट फिरवलं, टरफलाचा कण न कण गोळा केला आणि ते पाणी ती प्याली. तिच्या आईनं जसं केलं असतं तसं, बरोबर तसंच, ताट दोन्ही हातांनी उचलून.

"आता उठा," ती म्हणली.

स्कूटरवर मी तिच्या मागं बसलो. आधीचा दवाखाना नको, एवढंच मी म्हणलं. त्या बाकड्यावर मी बसणार नाही. तिनं दुसऱ्या रस्त्यानं गाडी घेतली. तिथल्या डॉक्टरनं उपाशी पोटी या म्हणून सांगितलं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेलो. रात्र कशी गेली ते सांगत नाही.

नर्स म्हणली, "बाबा, गळ्यातलं काढा." मी म्हणलं, "हे काढत न्हाईत." ती म्हणली, "नळी घालायची आहे, अडकेल." मी डबीवर मूठ आवळून बसलो. लिंग अंगावरून उतरलं की माणूस उघडा. हाच एक आधार होता, आन तोच काढून ठेवायला सांगत होती. शेवटी लेकीनं हात पुढं केला. "माझ्या हातावर द्या. मी ठेवत न्हाई कुठंच. तुम्ही बाहेर येईपर्यंत अशीच उभी राहते."

तिनं डावा तळहात पसरला होता. मी त्या तळहाताकडं बघितलं. बायकोच्या डाव्या तळहातावर आम्ही असंच ठेवलं होतं. मला वाटलं पळून जावं. हिंमत होती म्हणून नाही, तिनं हात मागं घेतला नाही म्हणून डबी काढून दिली.

नळीचं काय सांगायचं? काळी, बोटाएवढी जाड. घशातून खाली जाताना मला एकच ऐकू येत होतं, डॉक्टर कुणाला तरी म्हणत होता, "इथं बघा, इथं." ते "इथं" म्हणजे काय, हे बाहेर आल्यावरही कळलं नाही. तुकडा काढून तपासायला पाठवला. थांबा म्हणाले. लेक दारातच होती, हात तसाच पसरलेला. बोटं आखडली होती, सरळ होईनात. डबी मी माझ्या हातानं उचलून घेतली.

ते थांबणं लेकीच्या घरी काढलं. ती आंबील करायची, पातळ ज्वारीची, आन मी पीत असताना समोर बसून माझ्या गळ्याकडं बघायची. मी ओरडायचो, "बघू नको." ती म्हणायची, "प्या." ज्या खोलीत बायको होती त्याच खोलीत मी झोपायचो. तिची चादर होती. मी ती बदलू दिली नाही.

बायकोचा रोग नाही निघाला.

डॉक्टरनं सांगितलं, पोटातल्या आम्लानं अन्ननळी आतून जळली आहे, व्रण भरून आला तशी ती आखडली. आतून फुगा फुगवून ती मोठी केली. परत आखडू शकते. गोळ्या जन्मभर. तिखट बंद. काही काळानं परत नळी घालून बघायचं. लेक तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. मी डॉक्टरला म्हणलं, "खरं सांगताय का? आमच्या घरात एकदा खोटं बोलून झालंय." त्याला काय कळणार. तो म्हणला, "आजोबा, मी कशाला खोटं बोलू?"

परत येताना लेकीनं त्या दुकानापुढं गाडी हळू केली. सरदारजीनं लांबून ओळखलं, पिठाचा हात वर केला. मी म्हणलं, "थांबू नको." ती थांबली नाही.

आता रेणापुरात आहे. गिरणीत जेवत नाही, सुनेच्या समोर घरी जेवतो. ही लेकीची अट. रात्रीच्या जेवणाला ती फोन लावते, फोन डब्याला टेकवून ठेवायचा, म्हणजे तिला ताट दिसतं आणि माझा गळाही दिसतो. भाकरी खातो, पापुद्र्यासकट. चांगली उतरते. पण भीती गेली असं कुणाला वाटत असेल तर नाही गेली. रोज ताट पुढं आलं की ती येते. रोग नाही असं कागदावर लिहिलंय, पण पहिला घास घशाखाली जाईपर्यंत मला ते खरं वाटत नाही.

म्हणून मी एक गोष्ट करायला लागलोय. आमच्या स्वामींना विचारलेलं नाही, विचारणारही नाही. आधी भाकरीचा एक तुकडा मोडतो, कडेचा, सगळ्यात कडक. नाव न घेता. लिंगाला हात न लावता. तो चावून गिळतो आन थांबतो. सून तव्यावरचा हात थांबवते. फोनमधून लेक बघत असते.

"उतरला का आप्पा?"

छातीशी हात ठेवून मी वाट बघतो. तो तिथपर्यंत जातो, जरा अडतो, मग खाली सरकतो.

"उतरला," मी म्हणतो. मग शिवाचं नाव घेतो आणि जेवायला बसतो.